माधवराव सप्रे : छत्तीसगढातील एक लेखनगुरू

भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवती १९५५ नंतर जी नगरी वसली, तिच्या सिविक सेंटरात आजही अनेक प्रांतांच्या भाषा कानी पडतात. त्यांत मराठीही आहे. घरी मराठी, व्यवहारात हिंदी आणि भोवती छत्तीसगढी, अशा स्थितीत लिहू लागणाऱ्याने आपले लेखन दाखवावे कोणाला? हा प्रश्न या भूमीला नवा नाही. भिलाईच्या जन्मापूर्वी अर्धशतक आधी याच छत्तीसगढात एका मराठी भाषिकाने त्याचे उत्तर आपल्या परीने शोधले होते. हिंदी वाङ्मयेतिहासात माधवराव सप्रे यांचे नाव आदराने घेतले जाते. मराठी वाचकांस मात्र ते, झालेच तर, गीतारहस्याचे हिंदी अनुवादक म्हणून ठाऊक असतात.

सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले. रायपूरच्या शाळेत नंदलाल दुबे या शिक्षकांनी त्यांना हिंदीची गोडी लावली. पुढे आयुष्यभर सप्रे यांनी जे इतरांसाठी केले, त्याचा उगम या एका शिक्षकाच्या लक्ष घालण्यात आहे असे मला वाटते. १८९८ मध्ये ते पदवीधर झाले. तेव्हाच्या पदवीधरास सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. ती सोडून ते पेंड्रा येथे राजकुमारांचे शिक्षक झाले.

त्या आडवळणाच्या गावी राहून जानेवारी १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. सहसंपादक रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे; हिंदी मासिकाचे हे तिन्ही चालक मराठी! मासिक तीनच वर्षे चालले आणि १९०२ अखेर आर्थिक ओढगस्तीमुळे बंद पडले. परंतु त्यातील पुस्तकपरीक्षणांनी जे काम केले, ते त्या काळच्या हिंदीत अपूर्व होते. तेव्हा परीक्षण म्हणजे पुष्कळदा ग्रंथाची पोच आणि स्तुतीची दोन वाक्ये. सप्रे ग्रंथ साद्यंत वाचून विस्ताराने लिहीत. विषयाची मांडणी व भाषेची शुद्धता तपासून गुणांबरोबर दोषही दाखवीत. श्रीधर पाठकांसारख्या प्रतिष्ठित कवीच्या रचनेसही त्यांनी सूट दिली नाही. पुढे हिंदी व्याकरण सिद्ध करणारे कामताप्रसाद गुरू याच मासिकातून लिहीत. ज्या लेखकाच्या गावी ना ग्रंथालय ना साहित्यसभा, त्याला एखादे परीक्षण घरबसल्या मिळालेल्या पाठासारखे उपयोगी पडले असेल. महावीरप्रसाद द्विवेदी ‘सरस्वती’चे संपादक झाले १९०३ मध्ये, लेखक घडविण्याचे श्रेय त्यांना योग्यच मिळाले, पण त्यांच्या आधीची ही तीन वर्षे विसरली जातात.

याच मासिकात १९०१ मध्ये सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. ती हिंदीतील पहिली कथा की नव्हे, हा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी त्यांनी केलेले अर्थशास्त्रीय परिभाषेचे काम. अर्थशास्त्रासारख्या अनभ्यस्त विषयावर देशी भाषेत लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण शब्दांचीच असते. तिथे उपदेश कामी येत नाही.

१९०७ मध्ये नागपुरातून त्यांनी टिळकांच्या विचारांचे ‘हिंद केसरी’ सुरू केले. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली आणि आप्तांच्या दडपणाखाली त्यांनी क्षमापत्र लिहून सुटका करून घेतली. चरित्रकार हा प्रसंग घाईने ओलांडतात, ते बरोबर नव्हे. सप्रे यांनी स्वतःला क्षमा केली नाही. सार्वजनिक जीवनातून दूर होऊन ते रामदासी परंपरेच्या आश्रयास गेले आणि वर्षभराहून अधिक काळ मधुकरीवर राहिले. दासबोधाचा त्यांचा हिंदी अनुवाद या मनःस्थितीशी निगडित आहे. १९१६ मध्ये गीतारहस्याचा, पुढे चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचा अनुवाद आला. मराठीतील विचारधन हिंदी लेखकांच्या हाती देण्याचा हा उद्योग होता, आणि त्यात स्वतःचे नाव नेहमी दुसऱ्याच्या नावाखाली राही.

नेतृत्वाची जागाही त्यांनी पुढे इतरांनाच दिली. १९२० मध्ये जबलपुरात ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले, ते मुख्यतः सप्रे यांच्या प्रेरणेने. अनुभव, नाव, अधिकार सारे त्यांच्याकडे होते. संपादकपद मात्र गेले माखनलाल चतुर्वेदींकडे. चतुर्वेदी खंडव्याचे एके काळचे शाळाशिक्षक, सप्रे यांच्याहून अठरा वर्षांनी लहान. त्यांनी सप्रे यांना गुरुस्थानी मानले. १९२४ मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सप्रे यांच्याकडे आले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ‘कर्मवीर’ खंडव्याहून निघत होते आणि चतुर्वेदीच त्याचे संपादक होते.