अबुल कासिम जहरावी आणि गळ्यावरील शस्त्रक्रिया

अंदलुसची राजधानी कुर्तुबा हिच्याजवळ खलीफा अब्दुर्रहमान तृतीय यांनी इ. स. ९३६ च्या सुमारास मदीनतुज्जहरा हे नगर वसविण्यास आरंभ केला. अबुल कासिम खलफ बिन अब्बास यांना ‘जहरावी’ म्हणतात ते याच नगरावरून. त्यांचे घराणे मदीनेच्या अन्सारांशी नाते सांगणारे. त्यांच्या खाजगी जीवनाविषयी इतिहासकारांनी फारच थोडे लिहून ठेवले आहे. त्यांची खरी ओळख आहे ती ‘अत्तसरीफ’ या ३० भागांच्या ग्रंथामुळे. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा असून त्यात सुमारे २०० उपकरणांच्या आकृत्या आहेत. बाराव्या शतकात तुलैतुला (टोलेडो) येथे त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील वैद्य शतकानुशतके तो अभ्यासत राहिले.

या भागाची प्रस्तावना वाचताना मन हादरते. एका अडाणी वैद्याने एका स्त्रीच्या मानेवरील गाठ कापली. शरीररचना ठाऊक नसल्याने त्याने मानेच्या रक्तवाहिन्याच छेदल्या आणि ती स्त्री त्याच्यासमोरच रक्तस्रावाने मरण पावली. हे जहरावींनी स्वतः पाहिले होते. म्हणूनच, शरीररचना न शिकता शस्त्र हाती घेणारा मनुष्य माणसे मारील, असे ते स्पष्ट बजावतात. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा झालेल्या हानीस जबाबदार ठरतो, अशी पैगंबर (स.) यांची शिकवण अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहेच.

गलगंडाचे प्रकरण त्यांनी वेगळे लिहिले. हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो, ही त्यांची नोंद आजही खरी आहे. जन्मजात गलगंडाला हात लावू नये. इतर गाठी आधी सुईने तपासाव्यात. रक्तवाहिनीच्या फुगवट्यासारखी असेल तर शस्त्र लावू नये. चरबीच्या गाठीसारखी व लहान असेल तरच ती आवरणासह काढावी. आपल्या घरांत मात्र थायरॉइडची शस्त्रक्रिया ठरली की खर्च आधी विचारला जातो; डॉक्टरांनी अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे विचारण्याचा संकोच वाटतो. वास्तविक आवाजाची नस या ग्रंथीला अगदी लागून जाते.

मदीनतुज्जहरा इ. स. १०१० च्या सुमारास यादवीत उद्ध्वस्त झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, बहुधा १०१३ मध्ये, जहरावींचे निधन झाले.