ज्ञानेश्वरी जयंती : नाथांनी काय काढलं, आणि का?



आज भाद्रपद वद्य षष्ठी, म्हणजे ज्ञानेश्वरी जयंती. रोज आपण माउलींची एक ओवी घेऊन बसतो. आज ओवी बाजूला ठेवू आणि ज्यांच्यामुळे ती ओवी धड वाचायला मिळते, त्या शांतिब्रह्म एकनाथ महाराजांचं चरित्र आठवू. तेही एका प्रश्नाच्या अंगाने.

प्रश्न असा की ग्रंथ पवित्र असेल, तर त्यातून काही काढून टाकायचा अधिकार कुणाला? बायबलबद्दल हा प्रश्न सारखा विचारला जातो. सुरुवातीच्या काळातली कितीतरी पुस्तकं त्यात घेतली नाहीत, मग कुणी काय लपवलं, अशा चर्चा तुम्हीही ऐकल्या असतील. पण हाच प्रश्न आपल्या घरातल्या ग्रंथालाही लागू होतो. आज आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो, तिच्यातूनही काही ओव्या काढलेल्या आहेत. आणि त्या काढल्या नाथांनी.

नाथांचा जन्म पैठणचा, साधारण १५३३ सालचा. संत भानुदासांचे ते पणतू. आई-वडील फार लवकर गेले, आजोबा चक्रपाणींनी वाढवलं. लहान वयातच ते गुरूच्या शोधात देवगिरीला गेले. तिथे जनार्दनस्वामी निजामशाहीत किल्लेदार होते. म्हणजे गुरू मिळाले तेही नोकरी सांभाळून साधना करणारे! नाथांकडे हिशेबाचं काम आलं.

इथली ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. हिशेबात एका पैचा फरक येत होता. नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद होत असेल, तर संसारातली मूळ चूक सापडली तर किती होईल, हे त्यांनी शिष्याला दाखवून दिलं. रात्री दोन वाजता एका ओळीतला बग शोधलेल्या कुणालाही ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. पण मला त्यात आणखी एक दिसतं. पै छोटी आहे म्हणून नाथांनी ती सोडली नाही, आणि आकडा जुळावा म्हणून पदरची पै घालून हिशेब मिटवलाही नाही. हा स्वभाव पुढे फार मोठ्या कामाला आला.

पुढे गुरुशिष्य तीर्थयात्रेला निघाले. परंपरा सांगते की आपल्या त्र्यंबकेश्वरीच स्वामींनी नाथांना चतुःश्लोकी भागवतावर मराठीत टीका लिहायला सांगितली. नाथांची लेखणी सुरू झाली ती इथे, गोदेच्या उगमाशी. नंतरचं आयुष्य गेलं त्याच नदीच्या काठी, पैठणला. गिरिजाबाईंशी लग्न झालं, संसार केला, घरी रोज कीर्तन, रोज अन्नदान. श्राद्धाचा स्वयंपाक ब्राह्मणांआधी भुकेल्या अस्पृश्यांना वाढला, रामेश्वराला चाललेलं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजलं, या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या आहेतच. यासाठी गावाने त्यांना वाळीतही टाकलं, असं चरित्रकार सांगतात.

मग भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका. पैठणला सुरू झाली, काशीत १५७३ साली पूर्ण झाली. अठरा हजारांहून जास्त ओव्या. काशीच्या पंडितांनी आक्षेप घेतला की भागवत संस्कृतात आहे, ते मराठीत कसं काय आणता? ग्रंथाची अक्षरशः परीक्षा झाली, आणि शेवटी त्याच काशीत त्याची मिरवणूक निघाली, अशी कथा आहे. म्हणजे आपला ग्रंथ नाकारला जाऊ शकतो याचा अनुभव नाथांनी स्वतः घेतला होता. हे लक्षात ठेवूया, कारण पुढे निवड करायची वेळ त्यांच्यावरच आली.

माउलींनी ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. नाथांपर्यंत मधे जवळजवळ तीनशे वर्षं गेली. छापखाना नाही, सगळ्या प्रती हाताने उतरवलेल्या. उतरवणारा दमतो, ओळ गळते. जुना शब्द कळत नाही, म्हणून तो ओळखीचा शब्द घालतो. आणि ओवीचा छंद इतका सोपा, की कीर्तनात रंगलेल्या माणसाला स्वतःच्या चार ओळी जोडाव्याशा वाटतात. तोही भक्तच असतो, त्याच्या मनात वाईट काहीच नसतं. पण पुढचा लेखक ती ओवी माउलींची समजून उतरवतो, आणि मग सगळीच सरमिसळ होते.

माउली नाथांच्या स्वप्नात आले, अशी परंपरेची कथा आहे. आळंदीच्या समाधीत अजानवृक्षाचं मूळ गळ्याला लागलंय, ते येऊन काढ, असं त्यांनी सांगितलं. नाथ आळंदीला गेले, समाधी शोधली आणि मूळ दूर केलं. पुढचं काम मात्र कथेतलं नाही, ते त्यांनीच नोंदवलेलं आहे. शके १५०६ मध्ये, तारण संवत्सरात, पैठणला गोदाकाठी, भाद्रपदातल्या कपिलाषष्ठीला त्यांनी ज्ञानेश्वरी प्रतिशुद्ध केली. साल १५८४. कपिलाषष्ठीचा योग आपण म्हणतो ना, तोच. म्हणून आजची जयंती.

त्या नोंदीच्या मोजक्या ओव्यांत नाथ सांगतात, की ग्रंथ मुळात शुद्धच होता, वेगवेगळ्या पाठांमुळे त्यात गोंधळ झाला. म्हणजे सुधारायचे आहेत ते नकलाकार, माउली नव्हेत. आणि शेवटी एक कडक इशारा आहे. यापुढे ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालेल, त्याने अमृताच्या ताटात नारळाची रिकामी करवंटी ठेवली असं समजा.

आता बायबलकडे पाहू. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ सालच्या निकियाच्या परिषदेत पुस्तकं ठरवली, असं पुष्कळ जण समजतात. पण ती परिषद मुख्यतः येशूच्या देवत्वाच्या वादावर होती. आजच्या नव्या कराराची नेमकी २७ पुस्तकं दिसतात ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या ३६७ सालच्या ईस्टरच्या पत्रात. तिथेही मधे तीनेकशे वर्षं गेलेली होती. पाहिलं जायचं ते असं : पुस्तक प्रेषितांच्या काळाशी जोडलेलं आहे का, सगळीकडच्या मंडळ्या ते वाचतात का, शिकवण जुळते का. अंत्युखियाचे बिशप सेरापियन यांनी पेत्राच्या नावाचं एक शुभवर्तमान आधी वाचू दिलं. मग स्वतः वाचल्यावर ते पेत्राचं नाही म्हणून थांबवलं. हर्मासचं ‘मेंढपाळ’ हे पुस्तक मात्र लोकांना आवडायचं. अथनेशियसनी ते यादीत घेतलं नाही, तरी नव्याने विश्वासात आलेल्यांनी वाचावं असंच सांगितलं. त्या निवडीत मतभेद होते, सत्तेचं राजकारणही होतं. पण वगळलेलं सगळं टाकाऊ होतं, असं त्यांनीही म्हटलं नाही.

मला नाथांच्या कामात हेच दिसतं. काढलेल्या ओव्या वाईट होत्या म्हणून निघाल्या नाहीत. त्या माउलींच्या नव्हत्या म्हणून निघाल्या. नाथ स्वतः केवढे कवी! वाटलं असतं तर माउलींच्या तोडीची एखादी ओवी त्यांनी सहज घातली असती, आणि कुणाला कळलंही नसतं. त्यांनी घातली नाही. स्वतःचं जे लिहिलं, ते ‘एका जनार्दनी’ या मुद्रेखाली, गुरूंच्या नावाला जोडून पण आपल्या जबाबदारीवर.

याची दुसरी बाजू बघा. नाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरं राहिलं. ते पुढे गावबा या शिष्याने पूर्ण केलं. त्याचा भाग कुणी काढून टाकला नाही, कारण नाथ कुठे थांबले आणि गावबा कुठून लिहितो, हे परंपरेला माहीत आहे. भर घालणं हे पाप नाहीच. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी घालणं, हा खरा दोष.

आणि नाथांचाही शब्द शेवटचा मानायचा का? १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एक प्रत नाथांच्या आधीची म्हणून छापली, आणि पाठांचा वाद पुन्हा सुरू झाला. अभ्यासक आजही पाठ ताडून पाहतात. यात मला नाथांचा अपमान वाटत नाही. रात्रभर एक पै शोधणाऱ्या माणसाला हे आवडलंच असतं.

नाथांनी १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत देह ठेवला. ती नाथषष्ठी.

आता आपलं. माउलींच्या नावाने रोज किती सुविचार फोनवर येतात! सुंदर असतात, सूर्योदयाच्या फोटोवर छापलेले असतात, आणि बरेचदा माउलींचे नसतात. आपणही ते भक्तीनेच पुढे पाठवतो, अगदी त्या जुन्या नकलाकारासारखे. तीनशे वर्षांत जो गोंधळ झाला, तो आता एका दुपारीत होतो. आणि ज्याने मूळ ग्रंथ कधी उघडलाच नाही, त्याच्यासाठी तो सुविचार हीच ज्ञानेश्वरी होऊन बसते.

आजची साधना छोटीशी. माउलींच्या नावाने काही आलं, तर पाठवण्याआधी अध्याय आणि ओवी क्रमांक शोधा. सापडली तर मागच्या-पुढच्या दोन ओव्याही वाचा. नाही सापडली आणि तरी विचार आवडला, तर जरूर पाठवा. फक्त माउलींचं नाव काढून. आणि स्वतःला काही सुचलं असेल, तर नाथांसारखं आपल्या नावाने लिहा.

उद्या पुन्हा नेहमीप्रमाणे ओवी घेऊ.

राम कृष्ण हरी.