जोतीराव फुले

ऊसतोडीचा हंगाम आला म्हणजे आमच्या हिंगोली जिल्ह्यातील कित्येक बिऱ्हाडे गाव सोडतात व वर्गातील काही जागा ओस पडतात. हजेरी घेताना अशा वेळी आम्हांस जोतीरावांच्या बालपणाची आठवण होते.

त्यांचा जन्म सन १८२७ मधला. आई लहानपणीच वारली. थोडे लिहिणे-वाचणे होते न होते तोच एका कारकुनाचा सल्ला ऐकून वडील गोविंदराव यांनी त्यांस शाळेतून काढले व मळ्याच्या कामास लाविले. पुढे गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब यांनी वडिलांचे मन वळविले, तेव्हा सन १८४१ मध्ये ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. त्या दोघां गृहस्थांनी रदबदली केली नसती तर काय होते, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

सन १८४८ मध्ये त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढिली, सावित्रीबाईंनी तेथे शिकविले आणि त्यापायी उभयतांस घर सोडावे लागले, ही हकीकत विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्यामानाने ता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर कमिशनास दिलेले निवेदन फारसे कोणी वाचीत नाही. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, पण तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, अशी त्यांची तक्रार होती. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांनी मागितले. गरिबांची मुले गुरे राखण्यास व शेतकामास लागतात हे त्यांस अनुभवाने माहीत होते. म्हणून शिष्यवृत्त्या व बक्षिसे देऊन त्यांस शाळेकडे ओढावे, असेही सुचविले. मोडी, बालबोध व हिशेब यांबरोबर शेतीचे व आरोग्याचे धडे असावेत. शिक्षक शिकून तयार झालेले, शक्यतो शेतकरी वर्गांतलेच असावेत. त्यांस दरमहा बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा. मास्तरांच्या पोटाची इतकी काळजी कोणा मोठ्या माणसाने क्वचितच वाहिली असेल!

कमिशनाने सक्तीची शिफारस केली नाही. हिंगोली तर तेव्हा निजामाच्या मुलखात, कमिशनाच्या कक्षेबाहेरच होती. जोतीराव सन १८९० मध्ये निवर्तले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी सन १९१७ मध्ये मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांस तो हक्क देणारा कायदा देशात लागू होण्यास १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.