सर्वाधिक ७९६ ट्राय, तरी देशाकडून एकही कसोटी नाही! कोण होते ब्रायन बेव्हन?

रग्बी लीग हा १३ खेळाडूंचा खेळ. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवला की 'ट्राय' होतो. कारकिर्दीत तब्बल ७९६ ट्राय करण्याचा ब्रायन बेव्हन यांचा विक्रम आजही अबाधित आहे.

नाकारलेला खेळाडू
बेव्हन यांचा जन्म १९२४ मध्ये सिडनीत झाला. ऑस्ट्रेलियाच्या नौदलात असताना १९४५ मध्ये ते इंग्लंडला पोहोचले. त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून लीड्स क्लबने नकार दिला. वॉरिंग्टनने मात्र संधी दिली. टक्कल पडलेले आणि गुडघ्यांना पट्ट्या बांधून खेळणारे बेव्हन विंगवरून सुसाट पळत. वॉरिंग्टनसाठी त्यांनी ६२० सामन्यांत ७४० ट्राय केले. त्यांच्या काळात क्लबने तीनदा विजेतेपद आणि दोनदा चॅलेंज कप जिंकला.

मग देशाकडून का नाही?
इंग्लंडमध्ये खेळणाऱ्यांचा तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या संघासाठी विचार होत नसे. त्यामुळे बेव्हन 'अदर नॅशनॅलिटीज' या परदेशी खेळाडूंच्या संघाकडून खेळले. १९६४ मध्ये ते निवृत्त झाले, १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

२००८ मध्ये ऑस्ट्रेलियाने शतकातील सर्वोत्तम संघ निवडला. त्यात विंगवर बेव्हन यांचे नाव होते. मायदेशाच्या संघात त्यांना जागा मिळाली, पण मृत्यूनंतर १७ वर्षांनी.