धनंजयराव गाडगीळ : सहकाराला सरकारची साथ किती आणि कशी?



सहकाराचा धडा आला की आपण दूध डेअरी, साखर कारखाना, पतपेढी अशी तीन-चार नावं फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. पण वर्गातलं एखादं चौकस मूल विचारतंच, की संस्था जर लोकांची आहे तर सरकार तिच्यात पैसे का घालतं? या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात सापडत नाही. ते सापडतं एका माणसाच्या आयुष्यात, म्हणून आज आपण धनंजयराव गाडगीळ यांची ओळख करून घेऊ.

आधी एक घोटाळा दूर करू. काकासाहेब गाडगीळ वेगळे, ते राजकारणातले. आपले धनंजय रामचंद्र गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ. पश्चिम घाटाच्या अभ्यासामुळे घराघरात पोचलेले माधव गाडगीळ हे यांचे चिरंजीव.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. भारतातल्या उद्योगधंद्यांची वाटचाल हा तिथला त्यांचा अभ्यासविषय. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९२४ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २३! परत आल्यावर काही वर्षं सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्यपद सांभाळलं. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक म्हणून धनंजयराव आले आणि १९६६ पर्यंत तिथेच राहिले.

या संस्थेत त्यांनी काय केलं? तर हिशेब मांडले. वाई तालुक्यातल्या शेतकऱ्याला शेती परवडते का, पुणे शहरातली कुटुंबं कशावर जगतात, अशी घरोघर जाऊन केलेली पाहणी. आज आपण मुलांना प्रकल्प म्हणून सर्वेक्षण देतो ना, तेच काम त्यांनी मोठ्या चिकाटीने आणि शिस्तीने केलं. शेतकऱ्याच्या अडचणी त्यांना माहीत होत्या त्या या आकड्यांतून, भाषणांतून नव्हे.

आता गोष्ट येते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आलं आणि ऊस वाढला. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर जादा कर लावून देशी साखर उद्योगाला संरक्षण दिलं. म्हणजे बघा, सरकारची मदत तेव्हाही होती! पण ती पोचली कुणाकडे? कारखाना ज्याचा, त्याच्याकडे. खासगी कारखाने शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडाने घेत आणि त्यावर स्वतःचा ऊस पिकवत. बाकी बागाईतदारांनी गुऱ्हाळं लावायची, गूळ करायचा आणि बाजारात जो भाव निघेल तो घ्यायचा. शिवाय ऊस तोडला की लगेच गाळावा लागतो, नाहीतर उतारा घटतो. चांगल्या भावाची वाट बघत तो घरात ठेवता येत नाही. पाणी सार्वजनिक पैशाचं, संरक्षण सार्वजनिक पैशाचं, आणि नफा मात्र थोड्यांचा. मला विचाराल तर सहकाराचा धडा इथूनच सुरू करायला हवा.

१९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, कालव्यावरच्या बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते धनंजयराव. शेतकऱ्यांनी स्वतःचे सहकारी साखर कारखाने काढावेत, हा विचार त्यांनी तिथे मांडला. ऐकणाऱ्यांत लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील होते. त्यांचं शालेय शिक्षण जेमतेम, पण गावोगावच्या माणसांची नस त्यांना ठाऊक होती. पुढची काही वर्षं विखे पाटील गावं पालथी घालत भाग गोळा करत होते. शेतकऱ्याला विश्वास बसणं सोपं नव्हतं. यंत्रं न पाहिलेली, पैसे मात्र आधी द्यायचे!

धनंजयराव दुसऱ्या टोकाने काम करत होते. त्यांचं गणित साधं होतं. नुसत्या शेतकऱ्यांच्या भागांतून यंत्रसामग्री येणार नाही, आणि नुसत्या सरकारी पैशातून आली तर कारखाना शेतकऱ्यांचा राहणार नाही. म्हणून आधी शेतकऱ्यांचा पैसा, मग त्याला सरकारचा हातभार. मुंबई राज्यात तेव्हा अर्थ आणि सहकार ही खाती वैकुंठभाई मेहता यांच्याकडे होती. सरकारने कारखान्याचे भाग घेतले, औद्योगिक वित्त महामंडळाकडून कर्ज मिळालं आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचं गाळप सुरू झालं. पुष्कळ ठिकाणी याला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हटलेलं आढळेल. आंध्रात तसे प्रयत्न १९३० च्या दशकातच झाले होते, तेव्हा मुलांना सांगताना महाराष्ट्रातला पहिला म्हणा. तेवढंही थोडं नाही.

कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव, उपाध्यक्ष विखे पाटील. केंब्रिजचा पदवीधर आणि गावचा शेतकरी! ही जोडी साधारण दशकभर टिकली आणि मग अध्यक्षपद विखे पाटलांकडे गेलं. कारखान्याच्या आधाराने पुढे त्या परिसरात शाळा, महाविद्यालयं, रुग्णालय उभं राहिलं.

याच काळात रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची मोठी पाहणी करवली. ७५ जिल्हे, ६०० खेडी. पाहणी समितीचे अध्यक्ष गोरवाला, आणि धनंजयराव सदस्य. १९५४ साली अहवाल आला. शेतकरी जे कर्ज काढत होता, त्यातलं सहकारी संस्थांकडून मिळालेलं किती असावं? शंभर रुपयांत सुमारे तीन! सरकारकडूनही तेवढंच, आणि सावकारांकडून जवळपास सत्तर. हे आकडे वर्गात पट्टीच्या आलेखावर काढून दाखवा, लगेच समजतात.

समितीचं म्हणणं असं, की गावातली दुबळी सोसायटी सावकार आणि व्यापाऱ्यापुढे एकटी टिकणार नाही, म्हणून सरकारने सहकारात भागीदार व्हावं. हे सगळ्यांना पटलं नाही. सरकार भागीदार झालं की त्याच्या मागोमाग अधिकारी येतो, पुढारी येतो, आणि सभासद सहीपुरता उरतो, अशी भीती जुन्या सहकारी कार्यकर्त्यांना वाटत होती. १९५८ च्या सुमारास पंतप्रधान नेहरूंनीही या धोरणाबद्दल नापसंती दाखवली. ही भीती अगदीच खोटी ठरली, असं आजूबाजूच्या संस्था पाहून आपल्यालाही म्हणता येणार नाही. पण मदतच नको म्हटलं असतं तर प्रवरेचं धुराडं पेटलं असतं का, हाही प्रश्न आहेच. दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवा. आठवी-नववीची मुलं यावर छान वाद घालतात.

१९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि हाच प्रश्न देशाच्या पातळीवर आला. केंद्राची मदत राज्यांना कशी वाटायची? तोवर त्यात मर्जीला बराच वाव होता. १९६९ साली त्यांनी सूत्र ठरवलं. काही अडचणीतल्या राज्यांचा वाटा आधी बाजूला काढायचा. उरलेल्यातला ६० टक्के लोकसंख्येवर, आणि दरडोई उत्पन्न कमी असणं, कर गोळा करण्याची धडपड, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प, राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के. ‘गाडगीळ सूत्र’ म्हणतात ते हेच. त्याच वर्षी, प्रत्येक जिल्ह्याची पाहणी करून बँकांनी तिथली जबाबदारी उचलावी, ही सूचनाही त्यांच्या अभ्यासगटाने केली. त्यातून अग्रणी बँक योजना आली. तुमच्या जिल्ह्याची अग्रणी बँक कोणती, हे मुलांना शोधून आणायला सांगा.

१९७१ मध्ये त्यांनी दिल्लीतलं पद सोडलं. घरी परतत असताना प्रवासातच, ३ मे रोजी, त्यांचं निधन झालं. प्रवरेच्या कारखान्याला आज विखे पाटलांचं नाव आहे. धनंजयरावांचं नाव पुण्यात गोखले संस्थेच्या ग्रंथालयावर आहे.