कार्ल युंग : स्वतःच्या मनाशी बोलणारे डॉक्टर

शाळेचं नाव काढलं की पोटात दुखणारं मूल तुम्ही पाहिलंच असेल. प्रसिद्ध मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग लहानपणी असेच होते.

२६ जुलै १८७५ रोजी स्वित्झर्लंडमधील केसविल येथे त्यांचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. बाराव्या वर्षी एका मुलाने ढकलल्यामुळे कार्ल पडला, डोक्याला मार लागला. मग शाळा-अभ्यास म्हटलं की त्याला घेरी यायची. सहा महिने तो घरीच राहिला. एक दिवस वडील त्याच्या भविष्याची चिंता पाहुण्याला सांगत होते, ते त्याने लपून ऐकलं. तडक पुस्तक घेऊन बसला. घेरी आली, तरी पुन्हा बसला. शाळा टाळणारा आपल्याच मनाचा एक भाग होता, हे त्याला उमगलं.

पुढे ते डॉक्टर झाले. १९१३ मध्ये फ्रॉइड यांच्याशी संबंध तुटले आणि त्यांचं मन ढवळून निघालं. तेव्हा ते सरोवराकाठी दगडांची घरं बांधत बसत. मनात उमटणाऱ्या व्यक्तींशी बोलत, ते लिहून आणि रंगवून ठेवत. यातूनच त्यांची उपचारपद्धती घडत गेली. जगाला दाखवायचा मुखवटा आणि आपण दडवलेली सावली, दोन्ही ओळखा, ही त्यांची शिकवण. ६ जून १९६१ रोजी त्यांचं निधन झालं.

उद्या एखादं मूल शाळेत यायला रडलं, तर ‘नाटकं करू नकोस’ म्हणण्याआधी जरा थांबा. त्याच्यातलं कोण घाबरलंय, ते प्रेमाने विचारा.