वाट झाडणारे गाडगेबाबा

दिंडीच्या शंभर वर्षांच्या या पुस्तकासाठी मंडळानं आम्हाला एका संताचं चरित्र लिहून मागितलं. ज्ञानोबा-तुकोबांवर लिहिणारी जाणती माणसं पुष्कळ आहेत. आम्ही चौथी शिकलेलो, औत हाकणारे. म्हणून आम्ही गाडगेबाबा घेतले; त्यांना तर अक्षरओळखसुद्धा नव्हती. दुसरं कारण असं की आपली दिंडी शंभर वर्षं रस्त्यानं चाललेली आहे, आणि रस्ता झाडणं हीच ज्यांनी पूजा धरली असे हे बाबा.

बाबांचं पाळण्यातलं नाव डेबू. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखूबाई, जात परीट. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, गाव अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. वडलांना दारूनं खाल्लं. घर बसलं. आई लेकराला घेऊन माहेरी गेली, मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला. तिथं मामाच्या घरी डेबू गुरं राखत वाढला.

पुढचं जे आहे ते कीर्तनात फार कोणी सांगत नाही, पण आम्हा शेतकऱ्यांना ते आधी कळतं. डेबू पट्टीचा शेतकरी होता. नांगरट, पेरणी, गुरांची निगा, सगळ्यात पुढं. मामा चंद्रभानजी साधा माणूस. सावकारानं कागद करून घेतले, अंगठे घेतले, आणि एक दिवस जमीन गेली. त्या दु:खानं मामाही गेले. सावकाराची माणसं औत घेऊन शेतात उतरली तेव्हा डेबूजी एकटे आडवे झाले आणि त्यांना हाकलून लावलं. तेव्हापासून कर्ज आणि दारू या दोन गोष्टींचा बाबांना जन्माचा तिटकारा. पुढं हजारोंच्या कीर्तनात ते लोकांना विनवून सांगत की ऋण काढून सण करू नका, कर्ज काढून तीर्थालासुद्धा जाऊ नका. हे पुस्तकातनं आलेलं ज्ञान नव्हे, मंडळी. हे बांधावर भोगलेलं.

लग्न झालं, कुंताबाई घरात आल्या, लेकरं झाली. त्या काळी जातीच्या चालीप्रमाणं बारशाला बकरं आणि दारू लागायची. डेबूजींनी मुलीच्या बारशाला गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद रागावले. रागवू दिले.

१ फेब्रुवारी १९०५ ला पहाटे त्यांनी घर सोडलं. वय एकोणतिशीचं. अंगावर फाटकं, हातात काठी, आणि एक मडकं. पुढं त्या मडक्याचंच नाव पडलं, गाडगेबाबा. खायचं त्यातच, प्यायचं त्यातच, आणि कधी त्याचं खापर डोक्यावर टोपीसारखं. अंगात चिंध्यांची गोधडी म्हणून कुठं गोधडेबुवा, चिंध्यांमुळं कुठं चिंधेबुवा. एका कानात कवडी, एका कानात फुटक्या बांगडीची काच. अशा माणसाला बघून कुत्री अंगावर जायची आणि लोक वेडा समजून हाकलायचे. त्याचं बाबांना काही नव्हतं. वाटेत काटा दिसला तर काढून टाकायचा, धोंडा दिसला तर बाजूला करायचा, कुणाची गाडी चिखलात रुतली तर चाकाला खांदा लावायचा, आणि गाडी निघाली की गाडीवान काही द्यायच्या आत पुढची वाट धरायची.

आणि मग हातात खराटा आला.

केरसुणी घरातली. खराटा अंगणातला, गोठ्यातला, रस्त्यातला. त्याच्या काड्या कडक, वाकून मारावा लागतो, दहा हात झाडलं की कंबर बोलायला लागते. बाबा गावात शिरले की कुणाच्या ओसरीवर टेकायचे नाहीत. आधी रस्ता झाडायला लागायचे. मग गटार. हातानं घाण उपसायची, पाण्याला वाट करून द्यायची. पोरं मागं लागायची, मोठी माणसं दारात उभी राहून बघायची. मग एखाद्याला लाज वाटून तोही फावडं घेऊन यायचा, त्याच्यामागं दुसरा. गाव स्वच्छ झालं की बाबा लोकांना सांगायचे की रात्री कीर्तन आहे. भाकरी मागायचे ती काम झाल्यावर, आधी नाही. शिळी असली तरी चालायची. पाया पडायला कुणी वाकलं तर काठी उगारायचे.

आम्ही कीर्तन करतो म्हणून सांगतो, हा क्रम सोपा नाही. आमच्यासारख्याला गावात गेल्यावर चहा येतो, हार येतो, पाय धुवायला तांब्या येतो. बाबांचं कीर्तन दिवसा रस्त्यावर सुरू व्हायचं आणि रात्री फक्त तोंडानं पुरं व्हायचं. रात्री उभे राहिले की ते लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तरं लोकांकडूनच काढायचे, आणि हसता हसता माणूस कधी रडायला लागला ते त्याचं त्याला कळायचं नाही. भाषा सगळी वऱ्हाडी, गावातली.

आता रस्त्याबद्दल आमचं थोडं ऐका, कारण बाबांचं काम त्याशिवाय कळत नाही. रस्त्याचं दुखणं ऋतूप्रमाणं बदलतं. वैशाखात धूळ. गाडी गेली की घरातल्या भाकरीवर माती. म्हणून पाणी शिंपायचं आणि मग झाडायचं, कोरडं झाडलं तर धूळ नुसती जागा बदलते. मृगाच्या आत गटारी काढायच्या, हे वर्षातलं सगळ्यात मोठं काम. कारण रस्ता पायानं मोडत नाही, पाण्यानं मोडतो. कडेची चारी तुंबली की पाणी रस्त्यावर चढतं, मुरूम वाहून जातो, आणि आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यात तिथं डबकं होतं. श्रावण-भाद्रपदात कडेचं गवत माजतं, त्यात इंचू-किरडू. पाऊस उघडला की खड्ड्यात मुरूम टाकून धुम्मस करायचा. ओल असेस्तोवर केला तर बसतो, वाळल्यावर टाकला तर उडून जातो. शिमग्याच्या सुमाराला पानगळ, ती गटारीत जाऊ द्यायची नाही, खताच्या खड्ड्यात न्यायची.

हे सगळ्या गावाला माहीत असतं. करत कोणी नाही, कारण घर आपलं आणि रस्ता सरकारचा. बाबांनी नेमकं ह्याच्यावर बोट ठेवलं. ज्या रस्त्यानं आपल्या घरची लक्ष्मी पाणी आणते, पोर शाळेत जातं, मढं निघतं, तो परका कसा?

ऋणमोचनाची गोष्ट घ्या. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी हे क्षेत्र. पौष महिन्यात रविवारी तिथं यात्रा भरते. त्या काळी नदीला घाट नव्हता. काठ मातीचा. हजार माणसं ओल्या अंगानं वर चढली की सगळा राळा. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या घसरून पडायच्या आणि पुन्हा अंघोळीला खाली जायच्या. बाबांनी फावडं घेतलं, काठ उकरून वाट केली, खराट्यानं झाडली. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच, कारण मातीची वाट एका यात्रेत मोडते. पुढं लोकांकडनं पैसा गोळा करून तिथं पक्का घाट बांधवला. नुसतं झाडून भागत नसेल तिथं बांधायचं, हा त्यांचा पुढचा सगळा हिशेब इथनं सुरू झाला असं आम्हाला वाटतं. तिथंच देवापुढं कोंबडी-बकरी मारायची चालही त्यांनी लोकांना समजावून सोडवली.

आता पंढरपूर. आपल्या पूर्वजांनी ही दिंडी काढली त्या काळात बाबा हयात होते आणि चंद्रभागेच्या वाळवंटात खराटा मारत होते. वारीत लाखाचा मेळा, आणि त्या काळी पटकीची साथ वारीबरोबर यायची. माणसं घाण पाण्यानं मरायची आणि परत जाणारे ती साथ वाटेवरच्या गावांत नेऊन सोडायचे. आषाढ म्हणजे पावसाचे दिवस, वर वाळू, खाली ओल, त्यात लोकांनी केलेली घाण. बाकीचे वारकरी देवळाच्या बारीत उभे असताना बाबा वाळवंट झाडायचे, महारोग्यांजवळ बसायचे. पंढरपुरात इतकी वर्षं येऊन ते विठ्ठलाच्या देवळात दर्शनाला गेले नाहीत असं जुने लोक सांगतात. काही टाळकऱ्यांना हे रुचत नाही. आम्हाला विचाराल तर त्यांचा देव बारीतच उभा होता, उपाशी आणि चिखलात. त्यांचं दर्शन रोज होत होतं.

तिथंच त्यांनी धर्मशाळा बांधल्या. मराठा धर्मशाळा आणि चोखामेळा धर्मशाळा. ज्यांना शिवून घेत नव्हते त्यांना टेकायला जागा नव्हती, म्हणून चोखोबाच्या नावाची. ती पुढं १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. नाशिक, देहू, आळंदी इथंही धर्मशाळा, मुंबईत जे. जे. दवाखान्याजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी सोय. लाखो रुपये हातातून गेले. कुंताबाई मात्र झोपडीत राहिल्या. धर्मशाळेचा घास आपल्या घरच्या माणसाच्या तोंडी जाऊ दिला नाही. हे कडक वागणं आम्हाला आजही पेलत नाही, बायकामाणसाच्या बाजूनं पाहिलं तर जीव तुटतो. १९२३ साली एकुलता लेक गोविंदा कुत्रं चावून वारला. बाबा तेव्हा कोकणात, खारेपाटणला कीर्तनात उभे होते. बातमी आली, कीर्तन थांबलं नाही.

शिष्य त्यांनी केला नाही, गादी मांडली नाही. पोरांना शिकवा, त्यासाठी ताट विकायला लागलं तर हातावर भाकरी घेऊन खा, हे मात्र गावोगाव सांगत फिरले.

आज बाबांचं नाव मोठं झालं. २००० साली सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, आणि आमच्या भागातली कितीतरी गावं त्या निमित्तानं खरंच पालटली. पण एक खोड राहिली. तपासायला कमिटी येणार म्हटलं की गाव झाडायचं, गाडी गेली की खराटा माळ्यावर. आम्ही एका गावी ज्येष्ठात कीर्तनाला गेलो होतो. गटारी काढल्या होत्या, गाळ मात्र काठावरच रचून ठेवलेला, महिनाभर उचलला नव्हता. रात्री वळीव आला आणि सकाळी सगळा गाळ परत गटारीत. गटार काढणारांची मजुरी पाण्यात. ज्यानं शेतात पाट काढला आहे त्याला हे सांगावं लागत नाही की काढलेली माती पाटाच्या कडेला ठेवायची नसते. तो गाळ शेतात टाकला असता तर सोनं होतं.

आणि आता आपलं, माऊली. राग मानू नका. पालखी यायच्या आधी वाटेवरची लहान लहान गावं खड्डे बुजवतात, कडेची काटेरी झुडपं तोडतात, गटारी काढतात, रस्ता झाडतात, सडा-रांगोळी घालतात. त्या गावच्या वर्षाच्या कामाचा ऐन हंगाम आपल्यासाठी खर्च होतो. आणि दिंड्या गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर काय असतं? पत्रावळ्या, द्रोण, केळाची सालं, पाण्याच्या बाटल्या, चहाचे प्लास्टिकचे कप. पूर्वी पळसाच्या पत्रावळ्या होत्या, त्या गुरं खायची नाही तर कुजून जायच्या. प्लास्टिकचा कप गटारीत जातो आणि श्रावणातल्या मोठ्या पावसात तिचं तोंड धरून बसतो. ज्या घरानं आपल्याला पिठलं-भाकरी वाढली त्याच घरात मग पाणी शिरतं. आपण तोवर पंढरपूर करून घरी येऊन कोळपायला लागलेलो असतो.

बाबांचा देह २० डिसेंबर १९५६ ला पडला. मुंबईला बांद्र्याच्या पोलीस ठाण्यात ८ नोव्हेंबरला त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. शरीर थकलेलं, दुखणं वाढलेलं. ६ डिसेंबरला आंबेडकर गेले, तो घाव होताच. गाडीतून अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर प्राण गेला. म्हणजे घरात नाही, मठात नाही, रस्त्यावर. अमरावतीला गाडगेनगरात समाधी आहे. तिकडं जाणं झालं तर जरूर जा.

यंदाच्या वारीला सामानाच्या गाडीत राहुट्यांबरोबर बारा खराटे, चार फावडी, सहा घमेली आणि रिकामी पोती जायची आहेत, हे आम्ही मंडळाच्या बैठकीत मांडलं आणि ते मान्य झालं. दिंडी मुक्कामावरून पहाटे हलली की सहा जण मागं राहतील, मुक्कामाची जागा आणि पुढचा रस्ता गावाच्या वेशीपर्यंत झाडतील, कचरा गावात दाखवतील त्या जागी टाकतील, गटारीत पडलेलं हातानं काढतील, आणि विसाव्याला दिंडीला येऊन मिळतील. पाळी रोज बदलायची. टाळकरी, विणेकरी, कीर्तनकार, कुणाला सूट नाही. पहिल्या मुक्कामाला आमचं नाव लिहिलेलं आहे. अजून पाच नावं पाहिजेत, ती ज्येष्ठ वद्य पंचमीच्या आत चोपदारांकडे द्यावीत. बाया-माणसांनीही द्यावीत.